टॅबवाले भाऊ बाहेरगावी गेले आहेत

आमच्या दुकानाच्या बरोब्बर समोर मोठं शोरूम उघडलं, तेव्हा उद्घाटनाचा पेढा मलाही आला. त्यांच्याकडे काचेचा दरवाजा, आत एसी आणि एकसारखे शर्ट घातलेली पोरं. आमच्याकडे कूलर, आणि तोही पाणी टाकलं तरच गार. पेढा मी खाल्ला. पेढ्याशी माझं काही वैर नव्हतं.

अमरावतीत जयस्तंभाच्या पुढच्या गल्लीत आमचं दुकान आहे. मोबाईल या गल्लीत कोणीही विकतं, आमची ओळख टॅबची. ती ओळख माझ्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कमावली. दोन वर्षांपूर्वी, एका भर दुपारी, याच काउंटरमागे बसल्या बसल्या ते गेले. चहा यायचा होता. तो आला तेव्हा दुकानात सगळी गल्ली जमलेली होती आणि दोन कप तसेच काउंटरवर थंड झाले. टपरीवाला अजूनही सकाळ-दुपार दोन कप पाठवतो. मीही त्याला कधी काही म्हटलं नाही. एक पिते, एक ओतून देते.

आता टॅबचा बाजार म्हणजे काय, हे थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. शाळा बंद होत्या आणि घरोघरी ऑनलाइन वर्ग सुरू होते, तेव्हा ज्याला लॅपटॉप परवडत नव्हता आणि मोबाईल पोराच्या हातात द्यायचा नव्हता, त्याने टॅब घेतला. रांगा लागायच्या. माल येण्याआधी संपायचा. मग शाळा उघडल्या. मोबाईल वाढत वाढत ताटाएवढे झाले, मग टॅब कशाला हवा? क्लासवाल्या कंपन्या आपलेच टॅब धडे भरून देऊ लागल्या. काही पोरांना सरकारकडून फुकट मिळाले. उरलेसुरले लोक ऑनलाइन मागवू लागले आणि बिघडला की दुरुस्तीला आमच्याकडे येऊ लागले. असतील शितं तर जमतील भुतं, म्हणतात. आमच्याकडे शितं संपली तरी भुतं जायला तयार नव्हती.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला कंपनीचा माणूस नागपूरहून आला. पोरगेलासा, घामाने डबडबलेला, हातात लॅपटॉप. त्याने मला रंगीत रेघा दाखवल्या. एक रेघ डोंगर चढून दरीत पडली होती.

"मॅडम, नवीन गिऱ्हाईक विसरा," तो म्हणाला. "आता फक्त एक्स्चेंज. तेव्हाचे टॅब म्हातारे झाले, बॅटऱ्या फुगल्या. जुनेच परत येतील. जो जुने घेईल तोच नवीन विकेल."

जुनेच परत येतील. तो सहज बोलून गेला. मी कूलरकडे पाहत राहिले.

मग त्याने खरं काय ते सांगितलं. शाळा उघडायच्या आत एक्स्चेंजचा माल कोण जास्त गोळा करतो, हे कंपनी बघणार होती. गल्लीत टॅबची एजन्सी एकाच दुकानाला राहणार होती, आम्हाला नाहीतर समोरच्याला. टॅब गेला की आमच्या दुकानात उरतात मोबाईलची कव्हरं आणि मी. मुलगी पुण्याहून रोज म्हणत होतीच, "आई, शटर ओढ आणि इकडे ये." पुण्याला जाऊन मी काय करू? तिच्या बाल्कनीत बसून दुसऱ्यांच्या बाल्कन्या बघू? हे दुकान म्हणजे त्यांची बसायची जागा होती, आणि ती समोरच्या काचेत गिळली जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

आणि खरं तर जिंकणं सोपं वाटत होतं. जुने टॅब सगळे आमचेच तर होते! मालकांनी मोटरसायकलला खोके बांधून ते मोर्शीला, तिवस्याला, धामणगावला घरपोच नेले होते. नुसते विकायचे नाहीत, चालू करून द्यायचे, पोराच्या हातात ठेवायचे, आईला बटणं दाखवायचे. सगळे त्यांना टॅबवाले भाऊ म्हणत. टॅब अडकला की लोक त्यांना फोन करत, आणि त्यांचं औषध सगळ्यांना एकच असे.

"बंद करा. चा प्या. मंग चालू करा. अन् मंगही नाई झालं, तं मले सांगा."

दहातले नऊ टॅब चहा होईस्तोवर सुरू होत. दहावा कशामुळे होत नसे, ते बघायला ते स्वतः गाडी काढत.

दुकानातून प्रत्येक टॅब निघण्याआधी ते त्याचा कॅमेरा तपासत. तपासायला समोर कोण? मी. "इकडं पाह्य," असं म्हणत आणि मी वर बघेपर्यंत खट् आवाज होई. मी कधी बिल करत असे, कधी केस बांधत असे, बहुतेक वेळा चिडलेली असे. "दुसरं कोणी दिसत नाही का तुम्हाला?" मी म्हणायची. ते म्हणायचे, "कॅमेरा चांगला हाय, कपाळावरची आठी बी साफ दिसून राह्यली."

आणि टॅब चालू करताना त्याला एक आयडी लागतो. ईमेलचा. गावातल्या माणसाचा कुठला ईमेल? दरवेळी नवा बनवायचा, तो गिऱ्हाईक घरी पोचायच्या आत विसरणार. म्हणून मालकांनी एकच आयडी केला, दुकानाच्या नावाचा, आणि विकलेला प्रत्येक टॅब त्याच आयडीवर चालू करून दिला. आमच्या धंद्यात हे बरेच जण करतात, कारण हात रिकामा होतो आणि पुढचं गिऱ्हाईक घेता येतं. पासवर्ड त्यांच्या बोटांना पाठ होता. टाकताना ते गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवत आणि मला डोळा मारत. मी कधी विचारला नाही. नवऱ्याला त्याचा पासवर्ड विचारायची गरज पडेल, असं कुणाला वाटतं?

ते गेल्यावर वर्षभर त्यांचा फोन मी चार्ज करून चालू ठेवला. माझ्या मोबाईलमध्ये तो नंबर 'अहो' या नावाने होता, सोबत त्यांचा हेल्मेटमधला फोटो. गावाकडचे फोन यायचे. "भाऊ हायेत का?" मी म्हणायची, "भाऊ नाहीत." खोटं नव्हतं. लोकांना वाटे बाहेर गेले असतील, आणि मला तो समज मोडवत नसे. एवढं मोठं वाक्य दिवसातून चारदा कोण बोलणार?

वर्षश्राद्ध झालं तेव्हा धाकटे दीर म्हणाले, "वयनी, आता कायले त्याच्यात पैसे भरून राहिल्या? बंद होऊ द्या." मी रिचार्ज थांबवलं. नंबर बंद पडला. त्यानंतरही मी अधूनमधून त्या नंबरवर फोन लावायची. तिकडून रेकॉर्ड केलेली बाई सांगायची की हा नंबर अस्तित्वात नाही. ऐकून फोन ठेवायची. आणि एका संध्याकाळी रिंग गेली.

चार-पाच रिंगा झाल्या आणि एक बायकी आवाज म्हणाला, "हॅलो, कोन?"

मी काही बोलले नाही. ती परत म्हणाली, "कोन हाय वो?" मी फोन कापला. नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळाला होता. कंपन्या देतात असे, मला ते ठाऊक होतं, मी स्वतःच कितीदा गिऱ्हाइकांना समजावलं आहे. तरी नंतर कितीतरी वेळा मी तो नंबर लावला. रिंग होत असते तेवढा वेळ ती त्यांच्या खिशातच वाजते असं वाटे. मग हॅलो येई आणि मी कापून टाकी. वेड लागण्याची ही पहिली पायरी असते की काय, असं वाटून भीती वाटायची, आणि तरी लावायची.

या उन्हाळ्यात पहिला टॅब अडकला तो आमचाच, काउंटरवरचा. फारच रखडत होता म्हणून मेकॅनिककडून बटणं दाबून कोरा करून घेतला. तो चालू झाला आणि पडद्यावर प्रश्न आला, या टॅबवर आधी जो आयडी होता, त्याचा पासवर्ड टाका. आयडी त्यांचा होता. चोरलेला टॅब चोराला वापरता येऊ नये म्हणून ही सोय असते, मेकॅनिकने समजावलं. "पासवर्ड टाकला का खुलते, ताई." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी प्यायला गेला.

त्याच आठवड्यात धामणगाव रेल्वेचे एक क्लासवाले सर पोतंभर टॅब घेऊन आले. सगळे आमच्याकडून घेतलेले, सगळे त्यांनी आधीच कोरे करून आणलेले, आणि सगळे तोच प्रश्न विचारत होते. सर समोरच्या शोरूमलाही जाऊन आले होते. तिथल्या पोरांनी हात वर केले होते. "तुमचा आयडी आहे, तुम्हीच खोलू शकता," सर म्हणाले. "खुलले तर सगळे नवीन तुमच्याकडूनच घेतो. शाळा उघडायच्या आत मात्र हवेत."

म्हणजे बघा. या भागातल्या जुन्या टॅबच्या अख्ख्या बाजाराला माझ्या मालकांनी कुलूप लावून ठेवलं होतं. समोरचा काचेवाला कितीही सूट देवो, किल्ली आमच्या घरात होती. फक्त ती ज्याच्या बोटांत होती, त्या बोटांना मी स्वतः अबीर-गुलाल लावून पाठवलं होतं.

मी अंदाज लावत बसले. मुलीची जन्मतारीख टाकली. त्यांच्या आईचं नाव, मोटरसायकलचा नंबर, आमचं लग्न, पहिल्या दुकानाचं नाव. माझं नाव मी शेवटी टाकलं, जरा लाजतच. तेही नव्हतं. खरं सांगते, मला राग आला. इतकी वर्षं समोर बसले, आणि मला मोटरसायकलच्याच पंक्तीला बसवलं! मग पडद्याने प्रयत्न थांबवले आणि सांगितलं की नोंदवलेल्या मोबाईल नंबरवर कोड पाठवतो. गावातल्या एका चालू टॅबवरून करून बघितलं, तोही तेच म्हणाला. नंबरचे शेवटचे दोन आकडे दाखवले होते. ते मला झोपेतही सांगता आले असते.

दुकानाच्या साध्या फोनवरून मी तो नंबर लावला. त्या बाईने हॅलो म्हटलं आणि या वेळी मी बोलले. "नमस्कार. हा नंबर आधी माझ्या मालकांचा होता. त्यावर एक कोड येईल, ओटीपी, तेवढा मला..."

फोन कापला गेला. बरोबरच होतं. आज कुणाला अनोळखी माणसाने ओटीपी मागितला तर त्याने आणखी काय करावं? मी असते तर वर चार शिव्या दिल्या असत्या. मी फोन काउंटरवर ठेवला आणि रडले. समोरच्या शोरूममधलं पोरगं काचेतून बघत होतं, म्हणून मग उठून कव्हरं पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी परत लावला. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "तू कालची नं? थांब, कापू नोको. तुहे मालक म्हंजे ते टॅबवाले भाऊ का?"

मी हो म्हटलं.

"मंग तसं सांगाव नं माय! मी इथं अकोल्याले बसून त्याईचेच फोन घेऊन राह्यली. हे पाह्य, आकडा मी फोनवर नाई सांगनार. टीवीत रोज दाखवतेत, आकडा सांगतला का बँक साफ. तू ये. तुले डोयानं पाह्यीन, मंग सांगीन. अन् घरी नाई बोलवत, बसस्टँडजवळच्या रसवंतीवर ये."

दुकानाला कुलूप लावून मी सकाळच्या एसटीत बसले. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, दोन्हीकडे उन्हाळ्याची काळी उघडी शेतं आणि खिडकीतून येणारा भट्टीचा वारा. मालक मालासाठी दर पंधरवड्याला याच रस्त्याने अकोल्याला जायचे. मी पहिल्यांदाच त्यांच्या नंबराला भेटायला चालले होते. असं कुणाला सांगितलं असतं तर मला उतरवून दवाखान्यात नेलं असतं.

रसवंतीवर पंखा गरगरत होता. कोपऱ्यातल्या बाकावर एक साठीची बाई डोक्यावर पदर घेऊन बसली होती, मांडीवर पिशवी, हातात मोबाईल. तो नवा होता, स्वस्तातला. त्यांचा फोन तर माझ्या कपाटात होता. तरी माझे डोळे आधी त्या मोबाईलवरच गेले.

तिने मला वरून खाली बघितलं. "कपायाले आठी हाय," ती म्हणाली. "तूच असशीन. एका पोट्टीनं सांगतलं होतं, तिच्या टॅबात भाऊच्या बायकोचा फोटो हाय अन् ते बाई रागात हाय."

मी समोर बसले. ती रस मागवून बोलू लागली. मुलगा पुण्याला असतो, त्याने हे सिमकार्ड घेऊन दिलं. फोन चालू झाला त्या दिवसापासून अनोळखी माणसं टॅबवाल्या भाऊंना विचारू लागली. आधी तिने राँग नंबर म्हटलं. लोक परत करत. मग मोर्शीकडच्या एका बाईने काळजीने विचारलं, भाऊ बरे आहेत ना, इतके दिवस आवाज नाही?

"आता मले का मालूम!" मावशी म्हणाली. "पन ते इतक्या मायेनं पुसून राह्यली, का मले राँग नंबर म्हनवलं नाई. म्हनलं, भाऊ बाहेरगावी गेले. मंग सगळ्याईले तेच सांगत गेली. कोनी म्हने टॅब अटकला, तं मी म्हनो, भाऊ अशावक्ती का सांगत होते? तं ते सांगत. मंग दुसऱ्याचा फोन आला का मी त्याले सांगो."

"काय सांगता त्यांना?"

तिने ग्लास खाली ठेवला आणि अगदी पाठ केल्यासारखं म्हणाली, "बंद करा. चा प्या. मंग चालू करा. अन् मंगही नाई झालं, तं मले सांगा."

आवाज तिचा, पण थांबायच्या जागा त्यांच्या. 'मंगही नाई'च्या आधीचा तो छोटा श्वास सुद्धा. गावातून गावात, माणसातून माणसात जात ते वाक्य या अनोळखी बाईच्या तोंडात येऊन राहिलं होतं, आणि मला वाटत होतं की आपण एकट्याच त्यांना धरून बसलो आहोत. मला रडू आलं, आणि ते मी थांबवलं नाही.

"गेले का वो ते?" तिने हळूच विचारलं.

मी मान हलवली. तिनेही डोळे पुसले, जणू तिच्या घरचं कोणी गेलं होतं.

मी माझ्या मोबाईलवर पासवर्ड विसरल्याचा तो पडदा उघडला आणि कोड पाठवा असं दाबलं. तिच्या हातात टिंग वाजलं. तिने मोबाईल लांब धरला, डोळे बारीक केले, पण आकडे वाचले नाहीत. "एक इचारू? हे सांगतलं का मंग फोन येनं बंद होतीन का? मालकाचे?"

"का हो, मावशी?"

"पोरगं रविवारी फोन करते. बाकीच्या दिवशी तुह्याच मालकाचे लोक अस्तेत. कोनाच्या पोट्टीचा निकाल लागला तं मले सांगतेत. मले का, टॅब कसा अस्ते ते बी मालूम नाई. पन चांगलं वाटते."

मी विचार केला. पासवर्ड बदलला की गावोगावचे सगळे टॅब त्यांच्या आयडीतून बाहेर पडणार, घरोघरी पडद्यावर प्रश्न येणार, आणि लोक काय करणार? टॅबवाल्या भाऊंना फोन. "बंद नाही होणार," मी म्हटलं. "उलट वाढतील. तुम्हाला ताप होईल."

तिचा चेहरा उजळला. मग तिने एकेक आकडा सावकाश वाचला, प्रत्येक आकड्यानंतर माझ्याकडे बघत, मी टाकला की नाही म्हणून. पडदा उघडला. नवा पासवर्ड टाका, असं आलं. काय टाकला ते सांगत नाही, धंद्याची गोष्ट आहे.

आयडी उघडला आणि त्यातले फोटो उतरू लागले. एकाच आयडीवर सगळे टॅब, म्हणजे सगळ्यांचे फोटो एकाच ठिकाणी साठत गेलेले. संत्र्याचा बगीचा, कुणाचं लग्न, गणिताची वही, म्हैस, वाकडीतिकडी रांगोळी. आणि मधेमधे मी. बिल करताना मी. केस बांधताना मी. कप उचलताना, तोंड वेंगाडताना, कुणावर तरी डाफरताना. प्रत्येक टॅबचा पहिला फोटो. एका बाजूला बऱ्याचदा त्यांचा अंगठा आलेला. पासवर्डात माझं नाव नव्हतं म्हणून मी रागावले होते. इथे वर्षानुवर्षांची मी होते, दरवर्षी थोडी पिकत गेलेली, आणि गावोगावच्या घरांत आठी घालून बसलेली. मावशीने वाकून बघितलं. "एक बी फोटो हसरा नाई वो तुहा," ती म्हणाली. खरंच नव्हता.

उठताना ती म्हणाली, "मंग आता का सांगू लोकाईले? बाहेरगावीच का?"

मला वाटलं, हो म्हणावं. अकोल्यातल्या एका बाईच्या तोंडी ते बाहेरगावी आहेत, कुणाचं काय बिघडतं? पण धामणगावचे सर शाळा उघडायच्या आत टॅब मागत होते, आणि लोकांना आता दुकानात यायचं होतं, माझ्याकडे. "सांगा, भाऊ वारले," मी म्हटलं. हे शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले. "म्हणा, बायको दुकान चालवते. आणि माझा नंबर द्या त्यांना."

"मंग मार मिस कॉल."

मी माझ्या मोबाईलवरून लावला. तिच्या हातात रिंग झाली आणि तिने पडद्याकडे बघितलं. बघतच राहिली. मग मोबाईल माझ्याकडे वळवला. शेजारच्या पोरीकडून तिने नाव भरून घेतलं होतं. मुकी बाई.

"तू होती का ते?" ती म्हणाली. "मले वाटे कोनी मुकी बिचारी हाय, आवाज आयकाले करते. मनून मी कधी शिव्या नाई देल्ल्या." मग, "बोलत काऊन नोती वो?"

"तुम्ही हॅलो म्हणायचात," मी म्हटलं. ती समजल्यासारखी मान हलवत राहिली आणि रसाचे पैसे तिनेच दिले.

नवा पासवर्ड लगेच चालत नाही, एक-दोन दिवस थांबावं लागतं. थांबले. मग सरांचं पोतं उघडून एकेक टॅब घेतला, पासवर्ड टाकला आणि खोलला. कोऱ्या झालेल्या टॅबमधून मी आणि त्यांचा अंगठा आधीच पुसले गेले होते. आयडीत आहोत, तेवढं पुरे. समोरच्या शोरूमची पोरं दारात येऊन बघत होती. त्यांच्याकडेही लोक आमचे जुने टॅब घेऊन येत होते आणि ती त्यांना बोटाने आमचं दुकान दाखवत होती. कंपनीच्या माणसाचा फोन आला की एजन्सी या वर्षी आपल्याकडेच राहील. पुढच्या वर्षाचं तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. त्याच्या रेघा पुन्हा दरीत जातील तेव्हा बघू.

त्याच दुपारी काउंटरवर माझा मोबाईल वाजू लागला. पडद्यावर हेल्मेटमधला तो चेहरा आणि खाली नाव. अहो.

नाव बदलायचं राहून गेलं होतं. की मी बदललं नव्हतं, काय सांगू. दोन वर्षांत त्या नावाने मला पहिल्यांदा हाक मारली होती. मला ठाऊक होतं पलीकडे कोण आहे. तरी तो वाजेल तितका वाजू द्यावा असं वाटलं, कारण उचलला की ते ते नसणार होते. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी उचलला.

"तिवस्याच्या बाईचा फोन आल्ता," मावशी घाईघाईने म्हणाली. "मी नाई सांगतलं. तोंडातून निंगलंच नाई माय, म्हनलं बाहेरगावी गेले. तुहा नंबर देल्ला. आता तूच सांग." आणि तिने ठेवून दिला.

लगेच दुसरा फोन आला. मागे शिलाई मशीन चालू असलेला आवाज. "ताई, भाऊ आले का वो बाहेरगावाहून? पोरीचा टॅब अटकला, अन् तिचा पेपर हाय."

"नाही," मी म्हटलं. "भाऊ आता येणार नाहीत, ताई. ते वारले. दोन वर्षं झाली."

मशीन थांबली. मग ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "मंग आता आमाले कोन सांगनार?"

"मी सांगते," मी म्हटलं. "आधी बंद करा. चहा प्या. मग चालू करा. आणि मगही नाही झालं, तर मला सांगा."

फोन ठेवला, दुकानाच्या दारात जाऊन टपरीवाल्याला हाक मारली आणि सांगितलं, चहा एकच पाठव.